इंधनाचा जोड गुंडाळायचा नसतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने ट्रक चालवणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या सर्वांशी संबंध असलेल्या एका बाबीकडे आपल्या दैनिकाद्वारे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. टाकीपासून इंजिनापर्यंत इंधन नेणाऱ्या नळीचा जोड, ज्याला गॅरेजमध्ये सगळे कनेक्टर म्हणतात, तो चिरला, तुटला किंवा सैल झाला की त्यावर टेप गुंडाळली जाते, एपॉक्सीची पुट्टी थापली जाते, वरून तार आवळली जाते, गाडी सुरू होते आणि काम झाले असे मालक, चालक व मिस्त्री तिघेही धरून चालतात. माझे म्हणणे असे की, हा जोड नळीच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि तिथे दाब किती आहे हे आधी पाहावे, आणि त्या दाबाला पुरेल असाच नवा जोड बसवावा. गुंडाळलेला जोड कोणत्याच टप्प्यावर पुरत नाही, आणि तो का पुरत नाही याचे कारण प्रत्येक टप्प्यावर वेगळे आहे.

माझ्याकडे बरीच वर्षे वापरलेला एक डिझेल ट्रक आहे. दुपारी उभा करून तासाभराने सेल्फ मारला तर तो पहिल्या फेरीत चालू व्हायचा, पण रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलले, मग टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचे व्हॉल्व्ह बदलले, आणि तरीही सकाळची रड तशीच राहिली. गाडीखाली डिझेलचा एक थेंबही नव्हता, म्हणून नळीवर कोणाचा संशय गेला नाही. अखेर एका वयस्क मिस्त्रींनी फीड पंपाच्या अलीकडची रबरी नळी काढून तिच्या जागी वीतभर पारदर्शक नळी लावली आणि इंजिन चालू ठेवून आम्हाला तिच्याकडे नुसते बघत राहायला सांगितले. थोड्या वेळाने त्या नळीतून बारीक बुडबुडे एकामागून एक सरकू लागले. तिथून टाकीकडे एकेक जोड तपासत गेल्यावर चेसिसच्या आतल्या बाजूला एक प्लास्टिकचा कनेक्टर सापडला, ज्यावर पूर्वी कोणीतरी काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोलली तर तिचा चिकटपणा डिझेलने विरघळून काळ्या रबडीसारखा झालेला. खाली कनेक्टरच्या मानेवर केसाएवढी चीर होती, आणि ती नखाने दाब दिल्याशिवाय दिसतही नव्हती.

या अनुभवातून जी गोष्ट मला उशिरा कळली ती सर्वांना आधी कळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यानचा भाग हा पहिला टप्पा. इथली नळी डिझेल ओढून घेणारी असते, तिच्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, आणि म्हणून तिथला जोड चिरला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन बंद झाल्यावर हीच हवा नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरू देते, आणि सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा ओढावी लागते. ‘गळत नाही, म्हणजे जोड ठीक आहे’ हा समज या भागापुरता पूर्णपणे चुकीचा आहे. संशयित जोडावर बाहेरून घट्ट ग्रीस थापून पाहिल्यास आणि त्यानंतर बुडबुडे थांबल्यास तोच जोड दोषी आहे असे समजावे. पण ते ग्रीस दोष शोधण्यापुरतेच असते आणि त्यानंतर जोड बदलायचाच असतो.

फीड पंपापासून फिल्टरमार्गे, सिलिंडरकडे जोराने इंधन ढकलणाऱ्या इंजेक्शन पंपापर्यंतचा भाग हा दुसरा टप्पा. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकमध्ये इथे साधारण एक ते दोन बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका). ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा भरतात हे लक्षात घेतले तर हा दाब किरकोळ वाटतो, परंतु गळती दिसू लागते ती इथेच, आणि ती अनेकदा गरम इंजिनाच्या अंगावर दिसते. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब या गतीने चोवीस तासांत दोन लिटरांहून अधिक डिझेल जाते. ते रस्त्यावर सांडले तर मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, आणि इंजिनावर सांडले तर रबरी माउंटिंग व पाण्याचे होज फुगून मऊ पडतात. डिझेल पेट घेत नाही, असे ठामपणे सांगणारी माणसे मला अजूनही भेटतात. वास्तविक ठिणगीशिवाय आपोआप पेटण्याचे डिझेलचे तापमान पेट्रोलपेक्षा कमी आहे. चाचण्यांमध्ये ते सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास येते, आणि भार ओढणाऱ्या इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बो ५०० अंशांच्याही वर जातो. पिचकारीसारखा बारीक फवारा त्या धातूवर पडू देणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

तिसरा टप्पा इंजेक्शन पंपापासून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंतच्या जाड भिंतीच्या स्टीलच्या नळ्यांचा आहे, आणि त्याबद्दल मी थोडक्यात पण स्पष्टपणे लिहितो. जुन्या इंजिनात नोझल उघडायलाच साधारण दोनशे बार दाब लागतो, आणि एकाच सामाईक नळीतून सर्व नोझलना इंधन देणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनात हजार-दोन हजार बारांपर्यंत दाब असतो. या नळीला झाळ मारू नये, तिच्यावर बाही चढवू नये, तिचा तुकडा जोडू नये. ती नळी बदलावी. पंपापासून प्रत्येक सिलिंडरला जाणाऱ्या नळ्यांची लांबी सारखी ठेवलेली असते आणि इंजेक्शनची वेळ त्यावर अवलंबून असते, म्हणून हाताशी असलेली दुसरी नळी वाकवून बसवणेही बरोबर नाही. चालू इंजिनावर अशा नळीची गळती बोटाने चाचपण्याची जी सवय आहे ती तर ताबडतोब सोडावी. केसाएवढ्या छिद्रातून निघालेला डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो, बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखे दिसते, दुखतही फारसे नाही, आणि काही तासांत बोट काळेनिळे पडून शस्त्रक्रियेची वेळ येते. अशी शंका आली तर वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि तिथे ‘दाबाखालचे इंधन आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरला तरी फवाऱ्याची खूण त्यावर उमटते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे तुटलेला प्लास्टिकचा कनेक्टर नीट दुरुस्त कसा करावा. बऱ्याच ट्रकमध्ये नायलॉनच्या नळीच्या टोकाला असा कनेक्टर घट्ट ठोकलेला असतो, त्यात एक किंवा दोन ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, असतात, आणि धातूच्या नळीवरची उठावाची कडी आत गेल्यावर क्लिप तिला मागून अडवते. फिल्टर बदलताना ही क्लिप पकडीने ओढली की तिचे कान तुटतात. फक्त क्लिप तुटली असेल आणि ती सुटी मिळत असेल तर तेवढीच बदलावी. ती मिळत नाही म्हणून कनेक्टर तारेने बांधून ठेवणे हा मला सर्वांत घातक प्रकार वाटतो, कारण तार नळीला मागे सरकण्यापासून पूर्णपणे रोखत नाही आणि दोन मिलिमीटर मागे आलेली नळी ओ-रिंगेच्या बाहेर पडते.

कनेक्टरचे अंग चिरले असेल तर ते नायलॉनच्या नळीवरून कापून काढावे लागते. इथे घाई करू नये. कनेक्टरच्या आतल्या दातेरी नळीवर नायलॉन चढलेले असते. त्यावर ब्लेडने लांबीच्या दिशेने हलका छेद घेऊन ते सोलून काढता येते, पण छेद पुढे गेला तर उरलेली नळीही वाया जाते, म्हणून नळीला पुरेशी लांबी असेल तर चिरलेला भाग सरळ कापून टाकणे अधिक सुरक्षित. कापायला धारदार ब्लेड किंवा नळी कापण्याची कात्री वापरावी. हॅक्सॉने कापले की जो भुसा पडतो तो नळीतून पुढे जातो आणि फिल्टरच्या पलीकडे काम चालू असेल तर थेट पंपात पोचतो. नायलॉन मऊ करायला नळीचे टोक उकळत्या पाण्यात धरावे, आणि मऊ झाले की नवा कनेक्टर शेवटच्या दात्यापर्यंत एकाच दमात दाबावा. लायटरची ज्योत किंवा ब्लो-लॅम्प या कामासाठी कधीही वापरू नये. इंधनाचा धोका तर आहेच, शिवाय जळालेले नायलॉन ठिसूळ होऊन काही दिवसांत त्याच जागी पुन्हा चिरते.

मापाच्या बाबतीत होणारी एक चूक मी स्वतः पाहिली आहे. हे कनेक्टर ७.८९, ९.४९ आणि ११.८० मिलिमीटर अशा मापांत येतात, जी मुळात इंचाच्या अपूर्णांकांतून आलेली आहेत, आणि रबरी होज मात्र अनेक ठिकाणी पूर्ण मिलिमीटरात विकले जातात. ९.४९ च्या कनेक्टरमध्ये १० मिलिमीटरची नळी जात नाही, हे लगेच समजते, परंतु ९.४९ च्या नळीवर १० मिलिमीटरचा होज सहज चढतो, क्लॅम्प आवळला की घट्टही वाटतो, आणि त्या सैल अर्ध्या मिलिमीटरातूनच नंतर हवा शिरते. धातूच्या नळीचे जे टोक कनेक्टरमध्ये जाते त्यावर लांबीच्या दिशेने ओरखडा असेल तर नवी ओ-रिंगही टिकत नाही, कारण तो ओरखडा इंधनाला तयार वाट करून देतो. बारीक पॉलिश पेपरने नळीच्या गोलाईला धरून ते टोक घासावे, पुसावे, ओ-रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावावा, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबावे आणि मग हाताने मागे ओढून पाहावे. ओढून पाहणे अनेकजण टाळतात. अर्धवट बसलेला जोड उभ्या गाडीत गळत नाही, तो निसटतो खड्ड्यात.

मधला तुकडा काढून रबरी होज आणि दोन क्लॅम्प लावणे हा उपाय मी सरसकट चुकीचा म्हणणार नाही, पण त्याला अटी आहेत. होज इंधनाचाच हवा; पाण्याचा किंवा हवेचा होज डिझेलने आतून सुटतो आणि त्याचे कण फिल्टरमध्ये जमतात. चांगल्या होजवर त्याचा दर्जा छापलेला असतो: एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांपैकी ३०आर७ हा कमी दाबाच्या आणि परतीच्या नळीसाठी, तर ३०आर९ हा पेट्रोल इंजेक्शनच्या दाबासाठी. ज्यावर काहीच छापलेले नाही तो होज घेऊ नये. पेट्रोलमध्ये इथेनॉल किंवा डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेले असेल तर जुन्या प्रकारचे नायट्राइल रबर लवकर खराब होते, तिथे फ्लोरोकार्बन रबराचा आतला थर असलेला होज व त्याच रबराच्या ओ-रिंगा टिकतात. नळीच्या टोकाला उठावाची कडी असलीच पाहिजे. गुळगुळीत नळीवर क्लॅम्प कितीही आवळला तरी दाबाखाली होज सरकतो.

धातूच्या नळीचे जोड हा वेगळा विषय आहे, पण जुन्या ट्रकमध्ये तेही तितकेच आहेत. नळीचे पसरवलेले टोक आवळून धरणाऱ्या फ्लेअर नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते. हा जोड आट्यांवर बंद होत नाही, शंकूच्या आकाराच्या दोन धातूंच्या पृष्ठभागांवर बंद होतो, त्यामुळे टेपचा तिथे काहीही उपयोग नसतो आणि तिचे तंतू तुटून इंधनात जातात. एका जोडाचा शंकू ४५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ३७ अंशांचा असेल तर आटे जुळूनही तो गळत राहतो. ज्याच्या अंगातून इंधन वाहते त्या बँजो बोल्टच्या जोडाला दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. ते जुनेच ठेवून गळती थांबेना म्हणून पाना लांब करून आवळले की बोल्ट तुटतो, कारण तो आतून पोकळ असतो. आणि कोणताही जोड सोडताना दोन पाने लावावेत, एकाने अंग धरून दुसऱ्याने नट फिरवावा, एवढ्याने निम्म्या नळ्या पिळल्या जाण्यापासून वाचतील असे मला वाटते.

जोड कशामुळे तुटला, हे न पाहता नवा बसवणे म्हणजे अर्धे काम. माझ्या ट्रकमध्ये नळीला धरून ठेवणारी पट्टी गंजून गळून पडलेली होती आणि नळीचे सगळे वजन व थरथर त्या कनेक्टरच्या मानेवर येत होती. टेप गुंडाळणाऱ्याने ती पट्टी पाहिली असती तर पुढचे काहीच झाले नसते. दुसऱ्या गाड्यांमध्ये नळी सायलेन्सरजवळ गेल्यामुळे नायलॉन ठिसूळ होते, बॅटरीतले आम्ल ठिबकून नायलॉन खाल्ले जाते, किंवा इंजिन आणि चेसिस यांच्यातली लवचिक नळी तोकडी पडून इंजिनाच्या प्रत्येक हेलकाव्याला जोड ओढला जातो.

गाडी पेट्रोलची असेल तर कामाच्या आधीची तयारी अधिक कडक हवी. इंजेक्शनच्या गाडीत नळीत तीन-चार बार दाब इंजिन बंद केल्यावरही राहतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, टाकीचे झाकण उघडून दाब सोडावा, बॅटरीची ऋण तार काढावी, आणि मगच क्लिपला हात लावावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साठून राहते. तिथे लोंबकळणारा काचेचा बल्ब फुटला तरी पुरे. डिझेलच्या गाडीत काम संपल्यावर हवा काढावी लागते: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताचा पंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा, आणि तेच पुढे इंजेक्शन पंपावर करावे. इंजिन गरम झाल्यावर कोरड्या फडक्याने जोड पुसून पुन्हा पाहावा, आणि चार-पाच दिवसांनी परत एकदा.

हे सर्व लिहिण्यामागे एक विनंतीही आहे, आणि ती वाहने व त्यांचे भाग बनवणाऱ्यांना उद्देशून आहे. अनेक जुन्या ट्रकसाठी हा कनेक्टर सुटा मिळत नाही. त्याच्यासाठी टाकीपासून इंजिनापर्यंतची आख्खी नळी मागवावी लागते, आणि गाडी जुनी झाली की तीही मिळेनाशी होते. मिस्त्री टेप गुंडाळतो त्यात त्याचा निष्काळजीपणा जेवढा असतो तेवढीच ही अडचणही असते, हे मान्य केले पाहिजे. कनेक्टर, त्याची क्लिप आणि ओ-रिंगा सुट्या विकाव्यात, त्यांच्यावर माप आणि ते कोणत्या दाबासाठी आहेत हे ठसठशीत छापावे, आणि गाडीचे उत्पादन बंद झाल्यावरही एवढा एक भाग तरी पुरवत राहावा. वाहनांची तपासणी करणाऱ्यांनी दिवे आणि ब्रेक पाहताना चेसिसच्या आतल्या बाजूला टॉर्चचा प्रकाश टाकून इंधनाच्या नळीवरून एकदा नजर फिरवली, आणि जिथे टेप दिसेल तिथे ती सोलून पाहायला सांगितले, तर त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक ट्रकमालक